कॅलिब्राइट डिस्प्ले प्रो एचएल : यंत्र चांगलं आहे, पण त्याला बॅकलाइटची जात सांगावी लागते

फोटो, अल्बम डिझाइन किंवा छपाईच्या कामासाठी आज एकच कलरीमीटर (मॉनिटरचे रंग मोजून ते जुळवायला लागणारं यंत्र) घ्यायचा असेल तर डिस्प्ले प्रो एचएल घ्यावा, असं आमचं मत आहे. पण खोक्यातून काढला, यूएसबीला लावला आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलात तर निम्मे पैसे पाण्यात. सॉफ्टवेअर सुरुवातीलाच विचारतं की मॉनिटरमागे दिवा कोणत्या प्रकारचा आहे. बहुतेक जण आधीपासून निवडलेला पर्याय तसाच ठेवून पुढे जातात. मग दहा मिनिटांनी 'कॅलिब्रेशन यशस्वी' असं येतं, पांढरा रंग किंचित गुलाबी किंवा हिरवट दिसत राहतो आणि दोष यंत्राला दिला जातो.

आधी यंत्राबद्दल. हे घराणं जुनं आहे. एक्स-राइटने २०११ साली आय-वन डिस्प्ले प्रो आणला. फोटो आणि व्हिडिओची ही उत्पादनं २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाने येऊ लागली, आणि २०२३ मध्ये एचएल मालिका आली. त्यातला डिस्प्ले एसएल १००० निट्सपर्यंत (निट म्हणजे पडद्याच्या तेजाचं माप, कँडेला प्रति चौरस मीटर) मोजतो, प्रो एचएल ३००० पर्यंत आणि प्लस एचएल १०,००० पर्यंत. केबलला यूएसबी-सी टोक आहे, सोबत जुन्या यूएसबीचा जोड मिळतो. केबलवर सरकणारं वजन आहे. ते मॉनिटरच्या पाठीमागे सोडायचं म्हणजे यंत्र समोर हव्या त्या उंचीवर लटकतं. भिंगापुढे फिरणारा पांढरा डिफ्यूजर आहे, तो खोलीतला उजेड मोजायला. वापर नसताना तोच भिंगावर आणून ठेवला की धूळ बसत नाही.

तीनपैकी प्रो एचएलच का? साध्या, म्हणजे एचडीआर (उजळ-गडदात फार मोठा फरक असलेलं चित्र) नसलेल्या कामाला १२० निट्सच्या आसपास मोजायचं असतं, तिथे एसएलही पुरतो. पण मिनी-एलईडीचे मॉनिटर आणि लॅपटॉप १००० ते १६०० निट्सचे झटके देतात, ते एसएलच्या आवाक्याबाहेर जातात. १०,००० निट्स मोजायची गरज टीव्ही आणि एचडीआर मास्टरिंगवाल्यांना. लग्नाचे अल्बम करणाऱ्याने प्लससाठी जास्तीचे पैसे टाकू नयेत. तेवढ्यात खोलीतल्या ट्यूब बदलून होतील, आणि त्याचा फरक जास्त दिसेल.

दिव्याची जात इतकी महत्त्वाची का

कलरीमीटर रंग 'बघत' नाही. त्याच्यात तीन फिल्टर असतात आणि प्रत्येकामागे प्रकाश मोजणारा सेन्सर. फिल्टर सीआयई या प्रकाश-रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या 'प्रमाण निरीक्षका'च्या (म्हणजे सरासरी मानवी डोळ्याच्या) तीन वक्रांसारखे असावेत अशी अपेक्षा असते, पण तंतोतंत तसे ते कुणालाच बनवता आलेले नाहीत. हा फरक किती नडतो, ते समोरच्या प्रकाशाच्या वर्णपटावर ठरतं.

लाल रंगाचं उदाहरण घेऊ. त्या निरीक्षकाचा 'एक्स' वक्र ६०० नॅनोमीटरपाशी शिखरावर असतो. ६३० ला तो ०.६४ वर उतरलेला असतो आणि ६४० ला ०.४५ वर. म्हणजे इथे सरळ कडा आहे. बॅकलाइटचा लाल प्रकाश रुंद पसरलेला असेल तर फिल्टर एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी मोजतो, आणि चूक बरीचशी आपोआप भरून निघते. पण सगळा लाल एका अरुंद सुळक्यात, ६३१ नॅनोमीटरपाशी, कोंबलेला असेल आणि फिल्टरची उतरण फक्त तीन नॅनोमीटर सरकलेली असेल तर लालचं माप जवळपास नऊ टक्क्यांनी चुकतं. पांढरा बिघडायला तेवढं पुष्कळ झालं.

आणि असा सुळका आता दुर्मीळ राहिलेला नाही. बाजारातल्या 'वाइड गॅमट', म्हणजे जास्त रंग दाखवणाऱ्या, मॉनिटरांत हाच सर्रास आढळतो. तो कुठून आला, हे थोडक्यात पाहू.

आधी सीसीएफएल नळ्या होत्या, म्हणजे मॉनिटरच्या कडेला बसवलेल्या बारीक ट्यूबलाइटच. पारा आणि फॉस्फर (एक प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणारा पदार्थ), त्यामुळे वर्णपटात सुट्या सुट्या रेघा. चालू केल्यावर स्थिर व्हायला अर्धा तास, आणि वापरासोबत उजेड हळूहळू उतरायचा. १९९३ मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी बनवला. त्याच निळ्यावर पिवळा फॉस्फर लावून १९९६ मध्ये निचियाने पांढरा एलईडी आणला. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं. आज स्वस्त-मध्यम किमतीच्या बहुतेक मॉनिटर-लॅपटॉपमागे हाच पांढरा एलईडी आहे. वीज कमी खातो, पातळ बसतो, पारा नाही; पण त्याचा हिरवा आणि लाल एकमेकांत मिसळलेला असल्याने रंगांचा आवाका साधारण एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगसंचापुरताच राहतो.

आवाका वाढवायचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. पहिली दिशा म्हणजे तीन रंगांचे वेगवेगळे एलईडी. सोनीचा क्वालिया ००५ टीव्ही (२००४) आणि एचपीचा ड्रीमकलर एलपी२४८०झेडएक्स (२००८) हे त्यातले गाजलेले नमुने. रंग सुरेख, पण तिन्ही एलईडी वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात आणि तापमानासोबत वेगवेगळे सरकतात. त्यांना जागेवर ठेवायला आतच सेन्सर लावावे लागतात. खर्च भागला नाही. दुसरी दिशा म्हणजे निळा एलईडी तोच ठेवून फॉस्फर बदलायचा. जीबी-आर प्रकारात निळा आणि हिरवा एलईडी आणि लाल फॉस्फर, जसा डेलच्या यू२४१३ मध्ये होता. जनरल इलेक्ट्रिकने पुढे आणलेला पोटॅशियम फ्लुओरोसिलिकेट फॉस्फर म्हणजे केएसएफ किंवा पीएफएस. त्यात थोडं मँगनीज असतं, ते निळा प्रकाश शोषून लालच्या चार-पाच अतिशय अरुंद रेघा सोडतं. सगळ्यात मोठी ६३१ पाशी. २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून असंख्य मॉनिटरांत हाच आहे. २०१३ मध्ये सोनीच्या ट्रायल्युमिनोस टीव्हीत आणि किंडल फायर एचडीएक्स टॅबलेटमध्ये क्वांटम डॉट, म्हणजे अतिसूक्ष्म कण, आले. त्यात कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव यांना मिळालं.

(जाता जाता : केएसएफचा लाल विझायला काही मिलिसेकंद घेतो. म्हणून गेमिंग मॉनिटरवर बॅकलाइट लुकलुकवणारा 'मोशन ब्लर' कमी करायचा पर्याय चालू केला की हलत्या वस्तूंमागे लालसर शेपूट दिसतं. तो पॅनेलचा दोष समजून मॉनिटर बदलून घेऊ नका. त्याच जातीचा दुसरा आणलात तर तेच दिसेल.)

डिस्प्ले प्रो एचएलची खरी ताकद इथे आहे. या घराण्याच्या प्रत्येक यंत्रात त्याच्या स्वतःच्या तीन फिल्टरांचा प्रतिसाद कारखान्यात मोजून साठवलेला असतो. त्याला बॅकलाइटचा वर्णपट दिला की तो स्वतःच हिशेब करून चूक वजा करतो. हा वर्णपट सीसीएसएस नावाच्या फाइलमध्ये येतो आणि एकाने बनवलेली फाइल त्याच घराण्याच्या दुसऱ्या यंत्रालाही चालते. दुसरी जात सीसीएमएक्स फाइलची : ती एक विशिष्ट यंत्र आणि एक विशिष्ट मॉनिटर यांच्या जोडीसाठीच असते. दुसऱ्याची सीसीएमएक्स उतरवून वापरण्यात अर्थ नाही. आधी आहे त्यापेक्षा वाईट होण्याचीच शक्यता अधिक.

आपला बॅकलाइट ओळखायचा कसा

कंपनी खोक्यावर 'एलईडी' एवढंच लिहिते, त्यावरून काही कळत नाही. पहिला धागा रंगांच्या टक्केवारीचा. एसआरजीबी १०० टक्क्यांच्या आसपास आणि पी३ या त्याहून मोठ्या रंगसंचाचा उल्लेखच नाही, तर साधा पांढरा एलईडी. '४५ टक्के एनटीएससी' (जुन्या टीव्हीचा रंगसंच) लिहिलेला स्वस्त लॅपटॉप म्हणजे पांढरा एलईडीच, आणि त्यावर एसआरजीबीचे जेमतेम दोन तृतीयांश रंग. त्या पडद्यावर हे यंत्र लावून पांढरा नीट होईल, पण जे रंग दाखवायची पॅनेलची ताकदच नाही ते येणार नाहीत. पी३ ९५ टक्क्यांच्या वर पण अॅडोबी आरजीबी (हिरव्याकडे जास्त पसरलेला दुसरा मोठा संच) त्यामानाने कमी, तर बहुधा पीएफएस. दोन्ही ९५ च्या वर असतील तर जीबी-आर किंवा क्वांटम डॉट असू शकतो. इथे फक्त आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरा मार्ग डोळ्याने बघायचा, आणि त्याला खर्च जवळपास नाही. एक कोरी डीव्हीडी-आर घ्या, कडेला सुरीचं टोक घालून तिचे दोन थर सुटे करा. चकाकीचा थर निघून गेलेला पारदर्शक तुकडा कापा. बुटाचं खोकं किंवा जाड पुठ्ठ्याची नळी घेऊन एका टोकाला दोन ब्लेड समोरासमोर चिकटवा, मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट ठेवा. दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा. तो असा फिरवा की त्याच्या खाचा फटीला समांतर येतील. उरलेल्या भेगा काळ्या टेपने बंद करा. खोलीत अंधार करा, मॉनिटरवर पूर्ण पांढरा पडदा ठेवा, फट पडद्याजवळ न्या आणि तिरकं बघा. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर एक्सपोजर खाली ओढा, नाहीतर तिन्ही रंग फटफटीत येऊन सगळे बॅकलाइट सारखेच दिसतात.

साध्या पांढऱ्या एलईडीत निळा तेजस्वी पट्टा, त्याच्या शेजारी अंधारी दरी आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला प्रकाश दिसतो. सीसीएफएलमध्ये रेघा सुट्या दिसतात, हिरवी आणि नारिंगी-लाल सर्वात ठळक. पीएफएसमध्ये निळा, हिरव्याचा फुगीर पट्टा, मग स्पष्ट काळी जागा आणि नंतर लालची अरुंद, झगझगीत रेघ. ती एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही. क्वांटम डॉटमध्ये लालच्या आधी तशीच काळी जागा असते, पण लालचा पट्टा रुंद आणि मऊ कडांचा. जीबी-आरमध्ये निळा आणि हिरवा दोन्ही अरुंद आणि लाल पसरट. पीएफएस आणि क्वांटम डॉट यांच्यातच गोंधळ होतो, तेव्हा फट आणखी बारीक करून पुन्हा बघा : पीएफएसची रेघ तरीही काटेकोर राहते.

जात कळली की कॅलिब्राइटच्या प्रोफायलर सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट एलईडी, जीबी एलईडी, आरजी फॉस्फर, पीएफएस फॉस्फर, मिनी एलईडी, ओएलईडी अशा यादीतून ती निवडायची. आरजी फॉस्फर म्हणजे निळ्या एलईडीवर लाल आणि हिरवा असे दोन फॉस्फर. पीएफएसच्या ऐवजी चुकून हाच निवडला जातो.

आता सर्वात फसवा भाग. कॅलिब्रेशननंतर सॉफ्टवेअर तपासणीचा अहवाल देतं : सरासरी डेल्टा-ई (रंगातल्या चुकीचं माप) ०.४, कमाल १.२, सगळं हिरवं. चुकीचा बॅकलाइट निवडला असला तरीही हेच आकडे येतील. कारण तपासणी त्याच यंत्राने, त्याच चुकीच्या दुरुस्तीने होते. परीक्षार्थ्यालाच स्वतःचा पेपर तपासायला दिल्यासारखं. तो अहवाल एवढंच सांगतो की प्रोफाइल (मॉनिटरच्या रंगांची नोंद असलेली फाइल) आणि मॉनिटर यांचं एकमेकांशी जमतं. रंग खरे आहेत का, हे फक्त वेगळं यंत्र सांगेल, म्हणजे सगळा वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर (स्पेक्ट्रो). ज्या प्रेसमध्ये छपाईच्या प्रूफसाठी आय-वन प्रो हा स्पेक्ट्रो असतो तिथल्या मॉनिटरांना ही सोय आयतीच आहे. आर्गिल या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोने एकदा आपल्या मॉनिटरची सीसीएसएस बनवायची आणि पुढची सगळी मापं कलरीमीटरने घ्यायची. फक्त स्पेक्ट्रोने सगळं का नाही? कारण गडद छटांमध्ये त्याच्या मापात गोंगाट असतो आणि तो हळू चालतो. काळ्याजवळ कलरीमीटरच बरा.

कोणतं सॉफ्टवेअर

प्रोफायलर दिसायला नीटनेटका आहे आणि नवख्याला पुरेसा. पण ज्यांना आत काय चाललंय ते बघायचंय त्यांनी डिस्प्लेकॅल वापरावा. त्याच्या पोटात ग्रेम गिल यांचं आर्गिलसीएमएस आहे, दोन्ही फुकट. डिस्प्लेकॅलचे मूळ कर्ते फ्लोरियान ह्योख यांचं काम थांबल्यावर स्वयंसेवकांनी पायथन ३ वर ते पुढे चालू ठेवलं आहे. ती आवृत्ती घ्या आणि सोबत ताजं आर्गिल. जुनं आर्गिल नव्या यंत्राला ओळखेलच असं नाही. एक सोय म्हणजे या घराण्याच्या यंत्राला विंडोजवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डेटाकलरच्या स्पायडरला आर्गिलसोबत चालवायला तो लागतो आणि तिथेच अनेक जण अडकतात.

आयझो कलरएज किंवा बेनक्यू एसडब्ल्यू मालिकेचा मॉनिटर असेल तर मात्र कॅलिब्रेशन त्यांच्याच सॉफ्टवेअरने करा, अनुक्रमे कलरनॅव्हिगेटर आणि पॅलेट मास्टरने. हे यंत्र तिथेही चालतं. दुरुस्ती ग्राफिक कार्डात न जाता मॉनिटरच्या आतल्या तक्त्यात जाते, त्यामुळे छटांच्या पायऱ्या वाया जात नाहीत. एवढा महागडा मॉनिटर घेऊन तो ग्राफिक कार्डातून कॅलिब्रेट करणारे स्टुडिओ आहेत. तो शुद्ध अपव्यय आहे.

प्रत्यक्ष काम

मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवा, स्क्रीनसेव्हर बंद. मॉनिटरच्या मेनूत फॅक्टरी रीसेट करून 'यूजर' किंवा 'कस्टम' मोड निवडा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको, उजेडानुसार ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, 'ब्लॅक बूस्ट' छापाचे पर्याय, एचडीआर, लोकल डिमिंग सगळं बंद. विंडोजचा नाइट लाइट आणि मॅकचा ट्रू टोन व नाइट शिफ्ट बंद. लॅपटॉपवर आणखी एक लपलेला शत्रू असतो : चित्र गडद झालं की बॅकलाइट आपोआप उतरवणारी वीजबचत. इंटेलच्या ग्राफिक सेटिंगमध्ये ती 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग' म्हणून, एएमडीमध्ये 'व्हॅरी-ब्राइट' म्हणून सापडते. ती चालू असेल तर गडद पॅच (मोजायला पडद्यावर येणारा रंगाचा चौकोन) मोजताना दिवाच खाली गेलेला असतो आणि प्रोफाइल कचरा होतं. चार्जर लावून काम करा.

खोलीतले दिवे विझवा, मॉनिटर किंचित मागे कलवा म्हणजे यंत्र आपल्या वजनाने पडद्याला सपाट टेकतं. हाताने दाबू नका. दाबलेल्या जागी एलसीडीचा रंग बदलतो. यूएसबी हब टाळून थेट संगणकाला जोडा.

लक्ष्य : पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडाचा, सुमारे ६५००के), गॅमा (मधल्या छटा किती उजळ) २.२, ब्राइटनेस १२० कँडेला प्रति चौरस मीटर. छपाईशी जुळवायचं आणि खोली मंद असेल तर ८० ते १००. उजेडाच्या ऑफिसात १६० चालेल. मॉनिटर दुकानातून येतो तेव्हा २५० ते ३५० वर असतो. 'लॅबमधून अल्बम काळा आला' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं : पडदा दुप्पट-तिप्पट झगमगीत, म्हणून फोटो गडद करून ठेवलेला.

डिस्प्लेकॅलमध्ये मोड 'एलसीडी', करेक्शनच्या खान्यात आपल्या बॅकलाइटची फाइल. 'इंटरॅक्टिव्ह डिस्प्ले अॅडजस्टमेंट' चालू ठेवा. ती खिडकी आली की आधी ब्राइटनेस जुळवा, कारण बॅकलाइटला खरोखर हात लावणारं बटण मॉनिटरवर बहुधा तेवढंच असतं. कॉन्ट्रास्ट कारखान्याच्या जागीच असू द्या. मग लाल, हिरवा, निळा गेन (मेनूतलं प्रत्येक रंगाचं प्रमाण). नियम सोपा : जो कमी आहे तो वाढवायचा नाही, बाकीचे दोन उतरवायचे. वाढवलात तर सर्वात उजळ छटा एकमेकांत मिटतात आणि लग्नातल्या पांढऱ्या शेल्यावरची जरच गायब होते. उतरवण्याचीही किंमत असते. पांढरा १२० आणि काळा ०.१२ असेल तर कॉन्ट्रास्ट १०००:१. गेन उतरवून पांढरा १०२ वर आला तरी काळा ०.१२ च राहतो, कारण तो बॅकलाइटच्या गळतीचा; कॉन्ट्रास्ट ८५०:१ झाला. त्यामुळे मेनूत '६५००के' किंवा 'वॉर्म' असा तयार पर्याय लक्ष्याच्या जवळ असेल तर तिथून सुरुवात करा, गेनला कमी ओढावं लागतं. गेन झाले की ब्राइटनेस पुन्हा १२० वर आणा.

लॅपटॉपला गेन नसतात. तिथे डी६५ चा हट्ट धरला तर दुरुस्ती ग्राफिक कार्डाच्या आठ-बिटी तक्त्यात होते, निळ्याच्या २५६ पायऱ्यांतल्या बऱ्याच जातात आणि आकाशाच्या फोटोत पट्टे उमटतात. पॅनेलचा मूळ पांढरा फार निळा नसेल तर व्हाइट पॉइंट 'अॅज मेजर्ड' ठेवा. डोळा त्याला दोन मिनिटांत सरावतो; पट्ट्यांना सरावत नाही.

प्रोफाइलचा प्रकार 'कर्व्हज प्लस मॅट्रिक्स' आणि आयसीसी आवृत्ती २ ठेवा. मोठ्या तक्त्याचं प्रोफाइल कागदावर अधिक अचूक, पण काही प्रोग्रॅम त्याच्याशी नीट वागत नाहीत आणि सावल्यांत रंगांचे डाग दिसतात. चांगल्या मॉनिटरला मॅट्रिक्स पुरतं.

कुठे बिघडतं

दोन लोडर एकाच वेळी. कॅलिब्राइटचं ट्रेमधलं चिन्ह आणि डिस्प्लेकॅलचा लोडर दोघंही विंडोज सुरू होताना आपापली दुरुस्ती ग्राफिक कार्डात टाकतात. शेवटचा कोण, ते रोज बदलू शकतं. एकच ठेवा. एनव्हिडिया किंवा एएमडीच्या पॅनेलमधला डिजिटल व्हायब्रन्स आणि तत्सम रंगांची बटणं मूळ जागी न्या. वाइड गॅमट मॉनिटरवर प्रोफाइल न वाचणारे प्रोग्रॅम, विंडोजचा डेस्कटॉपही त्यातच, लाल-हिरवे भडक दाखवणारच. प्रोफाइल त्यांना वाचवत नाही. फक्त वेबसाठी काम असेल तर मॉनिटरचा एसआरजीबी मोड वापरून त्याच मोडमध्ये कॅलिब्रेट करणं सुटसुटीत, जर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येत असेल तर.

शेजारी शेजारी दोन मॉनिटर, एक साधा एलईडी आणि एक पीएफएस. दोन्हींवर यंत्र तोच पांढरा सांगतं, डोळ्याला एक गुलाबी आणि दुसरा हिरवट. यंत्र बिघडलेलं नाही. १९३१ चा प्रमाण निरीक्षक निळ्या टोकाला माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि वर्णपट वेगळे असले की तो फरक उघडा पडतो. शिवाय दोन माणसांचे डोळेही सारखे नसतात. डिस्प्लेकॅलमध्ये 'व्हिज्युअल व्हाइटपॉइंट एडिटर' आहे. ज्या मॉनिटरवर भरवसा आहे तो तसाच ठेवा, दुसऱ्याचा पांढरा डोळ्याने त्याच्याशी जुळवा, आणि मिळालेले एक्स-वाय आकडे त्याचं लक्ष्य म्हणून द्या.

मिनी-एलईडीची गोष्ट वेगळी. बॅकलाइट शेकडो-हजारो विभागांत तोडून प्रत्येक विभाग चित्रानुसार मंद-तेज करण्याची, म्हणजे लोकल डिमिंगची, कल्पना ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून निघालेल्या ब्राइटसाइडने पुढे नेली. २००७ मध्ये डॉल्बीने ती कंपनी घेतली. अॅपलच्या प्रो डिस्प्ले एक्सडीआरमध्ये (२०१९) ५७६ विभाग होते, २०२१ च्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये २५९६. कलरीमीटरला यात अडचण अशी की काळ्या पडद्यावरचा छोटा पॅच आणि पूर्ण पांढरा पडदा यांत तोच रंग वेगळ्या ब्राइटनेसचा मोजला जातो. एसडीआर (म्हणजे एचडीआर नसलेल्या) कामासाठी लोकल डिमिंग बंद करूनच कॅलिब्रेट करा आणि बंद ठेवूनच काम करा. बंद करता येत नसेल तर पॅच मोठा ठेवा आणि मागची पार्श्वभूमी काळीऐवजी करडी. अॅपलच्या एक्सडीआर पडद्यांवर आयसीसी प्रोफाइलच्या मागे न लागता रेफरन्स मोड निवडून 'फाइन-ट्यून कॅलिब्रेशन'मध्ये मोजलेले आणि हवे असलेले आकडे भरणं जास्त शहाणपणाचं.

एक मर्यादा कुठलाच कलरीमीटर ओलांडत नाही : तो पडद्याचा मध्य मोजतो. कडेने उजेड सोडणाऱ्या पॅनेलमध्ये प्रकाश पसरवणारी प्लेट आणि वरचे डिफ्यूजरचे पापुद्रे जुने झाले की कोपरे मंद होतात, कधी पिवळट. डिस्प्लेकॅलमधल्या युनिफॉर्मिटी तपासणीने पडद्याचे २५ चौकोन मोजून बघा. मध्याच्या तुलनेत कोपरे वीस टक्क्यांनी पडले असतील तर महत्त्वाचा चेहरा कोपऱ्यात ठेवून स्किन टोन ठरवू नका. हा दोष प्रोफाइलने जात नाही.

खोलीचा उजेड प्रोफायलर मोजतो आणि त्यानुसार पडदा बदलायची तयारीही दाखवतो. ती सुविधा बंदच ठेवा. पडदा स्थिर हवा, खोली बदलायची. आपल्याकडच्या घरांत आणि ऑफिसांत ६५००के 'कूल डेलाइट' ट्यूबच जास्त, आणि स्वस्त ट्यूबमध्ये लाल फार कमी. अशा उजेडात प्रिंट धरून मॉनिटरशी ताडून बघणं निरर्थक आहे. प्रिंट बघण्याच्या जागेपुरता तरी ५०००के चा, रंग नीट दाखवणारा दिवा लावा. आयएसओ ३६६४ प्रमाणात सामान्य पाहणीसाठी ५०० लक्स सांगितले आहेत, आणि यंत्राच्या डिफ्यूजरने ते तिथल्या तिथे मोजता येतात.

पुन्हा कॅलिब्रेशन केव्हा? एलईडी मॉनिटरला महिन्यातून एकदा, रंगावर पैसे अवलंबून नसतील तर तीन महिन्यांनी. निळ्या एलईडीपेक्षा फॉस्फर वेगळ्या गतीने उतरतो, त्यामुळे नुसती ब्राइटनेस कमी होते असं नाही, पांढऱ्याची छटाही सरकते. नवा मॉनिटर पहिल्या काही आठवड्यांत जास्त सरकतो. तेव्हा लवकर बघा.

जुना कलरीमीटर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. आय-वन डिस्प्ले प्रो चांगल्या स्थितीत आणि वाजवी किमतीत मिळाला तर घ्या. साध्या मॉनिटरला तो आजही उत्तम आहे. त्याच्या आधीच्या पिढीतले, म्हणजे आय-वन डिस्प्ले २ किंवा स्पायडर २ आणि ३, कितीही स्वस्त मिळाले तरी नको. त्यांच्या रंगद्रव्यांच्या फिल्टरांना ओलावा सोसत नाही, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत ते लवकर फिके होतात. मापं चुकतात, पण यंत्र चालू असल्यासारखंच दिसतं. नवा घेतलात तरी पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, आणि जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडे करा.